लग्नमंडपामागील फुलारी

जयपूर नगराचा इतिहास त्याच्या रस्त्यांच्या नावांतही वाचता येतो. सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये हे नगर वसविले, विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने त्याची आखणी केली आणि निरनिराळ्या कारागिरांना तेथे आणून त्यांना धंद्यासाठी जागा दिल्या. लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा तो मनिहारों का रास्ता, तांब्यापितळेची भांडी घडविणाऱ्यांचा तो ठठेरों का रास्ता, आणि जवाहिऱ्यांचा तो जौहरी बाजार. या नावांच्या मालिकेत फुलांचेही एक नाव आहे. पण ते रस्त्याचे नव्हे. हवामहालाजवळ, बडी चौपड नावाच्या मोठ्या चौकाच्या कडेला जे बाजाराचे आवार आहे, त्याला लोक ‘फूलवालों का खंदा’ म्हणतात. मनिहाराला आणि ठठेऱ्याला रस्ता मिळाला. फुलाऱ्याच्या नावाने राहिले ते एक आवार.

या फरकाचे कारण फुलाच्या स्वभावात शोधावे लागते. ठठेऱ्याचा हातोडा दिवसभर चालतो आणि त्याने घडविलेला हंडा दुकानात वर्षभर पडून राहिला तरी त्याची किंमत बुडत नाही. फुलाचे तसे नाही. पहाटे तोडलेले फूल दुपारपर्यंत विकले गेले नाही, तर त्याचे मोल कवडीचे होते. म्हणून फुलाऱ्याला बाजारात बसण्यापुरती जागा पुरते, आणि तीही सकाळच्या चार घटकांसाठी. त्याचा खरा कारखाना बाजारात नसतोच. तो असतो त्याच्या घरात. ओल्या फडक्यावर पसरलेल्या कळ्या, जाड सुया, भिजवलेला दोरा, पाण्याचा शिडकावा केलेल्या बांबूच्या पाट्या, आणि त्यांच्याभोवती मांडी घालून बसलेले सारे कुटुंब. माळ गुंफण्याचे काम घरातील स्त्रियांच्या बोटांवर चालते. गिऱ्हाइकाला दिसतो तो बाजारातील पुरुष. माळेमागचे बोट त्याला कधी दिसत नाही.

घरात बसून फुले गुंफणाऱ्याची ही परंपरा जयपूरहून कितीतरी जुनी आहे. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण आणि बलराम मथुरेत येतात, तेव्हा ते सुदामा नावाच्या माळ्याच्या घरी जातात. राजवाड्याच्या वाटेवर असताना ते या मालाकाराच्या उंबरठ्यावर थांबतात आणि त्याने दिलेल्या सुगंधी माळा घालून पुढे निघतात. वात्स्यायनाने चौसष्ट कला सांगितल्या, त्यांत माळा गुंफण्याचे विविध प्रकार, फुलांची शय्या रचणे, मस्तकावरील पुष्पभूषणे बांधणे अशा कला आहेत. कालिदासाने मेघदूतात मेघाला वाटेवर ज्या स्त्रिया दाखविल्या, त्यांत फुले तोडणाऱ्याही आहेत. घामाने त्यांच्या कानांवरील कमळे कोमेजली आहेत आणि मेघाने त्यांच्यावर क्षणभर सावली धरावी, अशी यक्षाची इच्छा आहे. फुलांच्या शोभेचे वर्णन पुष्कळांनी केले. फूल तोडणारीच्या गालावरचा घाम कवीने टिपावा, हे मात्र विरळा.

मथुरेच्या त्या माळ्याची आठवण जयपुरात ओघानेच येते, कारण कृष्णच या नगराचे आराध्य दैवत आहे. आमेरच्या राजा मानसिंहाने १५९० मध्ये वृंदावनात गोविंददेवाचे भव्य मंदिर बांधले. पुढे औरंगजेबाच्या काळी ती मूर्ती वृंदावनातून हलविण्यात आली आणि कालांतराने जयसिंहाच्या नव्या नगरीत, राजवाड्याच्या जयनिवास बागेत तिची स्थापना झाली. गोविंददेवाचे दर्शन दिवसातून सात वेळा, ठराविक झाँक्यांनी होते. मंगला, धूप, शृंगार, राजभोग, ग्वाल, संध्या आणि शयन अशी त्यांची नावे आहेत. देवाच्या अशा दिनक्रमात ताजी फुले रोज लागतात. उन्हाळ्यात तर कृष्णमंदिरांतून ‘फूलबंगला’ सजतो. कळ्यांच्या जाळ्या, फुलांचे खांब, फुलांच्या कमानी आणि त्यांच्या गारव्यात बसविलेला देव, असे त्याचे रूप असते.

आजच्या लग्नमंडपाकडे पाहिले, म्हणजे या फूलबंगल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. चार खांब, वर फुलांचे छत, बाजूंना लोंबत्या माळा आणि मध्ये बसविलेली जोडी. लग्नाच्या दिवशी वरवधूंना लक्ष्मीनारायणाचे रूप मानण्याची आपली रीत आहे. मग देवाच्या सजावटीतील कसब त्यांच्या मंडपात उतरावे, यात नवल नाही. राजस्थानात वराच्या कपाळावरून सेहरा लोंबतो, महाराष्ट्रात मुंडावळ्या बांधल्या जातात. तेथे जयमाला, येथे अंतरपाट दूर होताच घातले जाणारे हार. प्रांत बदलला की फूल बदलते, नाव बदलते. पण फुलाची माळ गळ्यात पडल्याशिवाय लग्न लागल्याचे कोणाच्याच मनाला पटत नाही.

ही फुलेही वाटतात तितकी अनादी नाहीत. रघुवंशात इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगी जी माळ वर्णिली आहे, ती दूर्वा गुंफलेल्या मोहाच्या फुलांची. आज मोहाची माळ लग्नात कोणी मागणार नाही. ज्याच्यावाचून आज दारी तोरण लागत नाही तो झेंडू, आणि ज्याच्या छड्यांनी मंडप दरवळतो तो निशिगंध, हे दोघेही मूळचे मेक्सिकोकडचे. युरोपीय दर्यावर्दी अमेरिकेस पोचल्यानंतरच त्यांचा आपल्या देशाशी संबंध आला. कालिदासाने झेंडू पाहिला नव्हता. परदेशचे रोप येथील मातीत रुजले, येथील उन्हाला सरावले, स्वस्त आणि टिकाऊ म्हणून फुलाऱ्याने ते उचलले, आणि काही पिढ्यांत ते इतके आपले झाले, की त्याच्याविना मंगलकार्य अपुरे वाटू लागले. परंपरा म्हणून ज्याचा आपण आदर करतो, त्यातला पुष्कळसा भाग असा फुलाऱ्याच्या व्यवहारबुद्धीने घडविलेला आहे.

जयपूरच्या इतर कलांनी फुलाला अमर केले आहे. जवळच्या सांगानेरचे छापकाम प्रसिद्ध आहे ते पांढऱ्या वस्त्रावरील नाजूक फुलांच्या बुट्ट्यांसाठी. येथील मीनाकाम सोन्याच्या पाठीवर तांबडीहिरवी फुले उमटविते. निळ्या मातीकामाच्या सुरईवर वेलबुट्टी चढते. राजवाड्यांच्या भिंतींवर गुलदस्ते रंगविलेले दिसतात. छाप्याचा ठसा कोरणाऱ्याला, मिना भरणाऱ्याला कलावंत म्हणतात, त्यांच्या वस्तू संग्रहालयात ठेवतात आणि त्यांवर ग्रंथ लिहितात. ज्याच्या हातातील खऱ्या फुलावरून हे सारे शोभते, त्या फुलाऱ्याचे काम मात्र दुसऱ्या दिवशी झाडून टाकले जाते. इतिहास टिकणाऱ्या वस्तूंच्या आधाराने लिहिला जातो. जिची कृती टिकतच नाही, ती कला इतिहासाच्या दारापर्यंत पोचणार कशी?

तरी एका फुलाऱ्याच्या घराने इतिहासात आपले नाव कोरून ठेवले आहे, आणि ते घर महाराष्ट्रातले आहे. सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे हे घराणे पुण्यास येऊन स्थिरावले. शेटिबांच्या मुलांनी फुलांचा व्यवसाय पत्करला. त्यांचे कसब असे, की पेशवाईच्या अखेरच्या काळात दरबारास फुले, हार, गजरे पुरविण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्याबद्दल त्यांना इनाम जमीनही मिळाली. धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे आडनाव मागे पडले. याच घराण्यात १८२७ मध्ये ज्योतिरावांचा जन्म झाला.

पुढची कथा सर्वश्रुत आहे, पण फुलाऱ्याच्या बाजूने तिच्याकडे सहसा पाहिले जात नाही. १८४८ मध्ये ज्योतिराव एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालत होते. माळ्याच्या मुलाने आपल्या बरोबरीने चालावे, हे काही लोकांना सहन झाले नाही आणि त्यांनी भर रस्त्यात त्यांचा अपमान केला. वरातीच्या अग्रभागी फुले होती. घोड्यावरील नवरदेव फुलांनी मढला होता. माळ्याच्या हातचे फूल मस्तकी चढले होते आणि माळ्याच्या मुलाला मात्र मागे हो म्हणून सांगण्यात येत होते. त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा निघाली. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुरोहितावाचून, अल्प खर्चात लग्न लावण्याची साधी पद्धत त्याने पुढे आणली. लग्न हा समारंभ कोणाच्या श्रमावर उभा राहतो आणि त्यात मान कोणाला मिळतो, हा प्रश्न एका फुलाऱ्याच्या मुलाने विचारला, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही.

जयपुरात या प्रश्नाला निराळे रूप आले. १९४९ मध्ये संस्थान राजस्थानात विलीन झाले आणि दरबाराचा आश्रय संपला. १९५७ मध्ये रामबाग महालाचे हॉटेल झाले. राजांनी बांधलेल्या वास्तू भाड्याने मिळू लागल्या आणि काही दशकांतच दूरदूरच्या शहरांतील कुटुंबे लग्नकार्यासाठी जयपूरला येऊ लागली. एके काळी राजपुत्राच्या विवाहातच दिसणारा फुलांचा थाट आता पैसा मोजणाऱ्या कोणालाही हवा झाला. पुष्करचे गुलाब आणि आसपासच्या खेड्यांतील झेंडू पुरेनासे झाले. पुण्याजवळच्या मावळात आच्छादित शेतांतून वाढविलेले लांब दांड्याचे गुलाब, बंगळूरकडची फुले, थायलंडची ऑर्किड उत्तरेकडील शहरांच्या लग्नांत दिसू लागली.

या बदलाबरोबर फुलाऱ्यांची एक नवी पिढीही उदयास आली. शिकलेल्या, बहुधा मध्यमवर्गीय घरांतील स्त्रिया आपल्याच घराच्या एका खोलीत हे काम करू लागल्या. त्या खोलीला आता ‘स्टुडिओ’ म्हणतात. बादल्यांत उभे केलेले दांडे, पाण्याखाली तिरपे कापलेले देठ, खालची खुडलेली पाने, खिडक्यांवर ओले पडदे किंवा थंड हवेचे यंत्र. मागणी दूरध्वनीवरून येते, चित्रे आधी पाठविली जातात, रंगसंगती वधूच्या शालूवरून ठरते. व्हर्नन स्मिदर्स या अमेरिकनाने १९५४ च्या सुमारास बाजारात आणलेला पाणी शोषणारा हिरवा ठोकळा त्यांनी वापरला, आणि त्याचा चुरा मातीत विरत नाही हे कळू लागल्यावर काहींनी तो टाकून पुन्हा गवत, तार आणि माती जवळ केली. नाव नवे, साधने नवी. पण दिवाणखान्याचा कारखाना होणे, घरातील सर्वांचे हात त्यात गुंतणे आणि रात्रभर जागणे, हे सारे खंद्यावरील फुलाऱ्याच्या घरासारखेच.

कष्टही तेच आहेत. राजस्थानात अक्षय्यतृतीया आणि देवउठनी एकादशी हे ‘अबूझ सावे’ मानतात. म्हणजे त्या दिवशी पंचांग न पाहता लग्न लावता येते. मग एकाच शहरात एकाच रात्री शेकडो मंडप उभे राहतात. फुलांचे भाव चढतात आणि ठरलेल्या रकमेत काम करणारीचा नफा त्यातच वाहून जातो. अक्षय्यतृतीया तर ऐन वैशाखाच्या उन्हात येते. पहाटे सजविलेला मंडप वरात येण्यापूर्वी मान टाकतो की काय, ही धास्ती तिच्या मनाला असते. धनुर्मासात आणि चातुर्मासात उलट हात रिकामे राहतात. २०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली, लग्ने थांबली, देवळांची दारे मिटली आणि बहरलेली फुले शेतातच टाकून द्यावी लागली. साठवून ठेवता येणारा माल ज्याच्याजवळ आहे, त्याला संकटात उद्याची वाट पाहता येते. फुलाऱ्याला उद्या नसतो.

असे असूनही या कामाची किंमत ठरविताना लोक फुलांचे दाम मोजतात आणि हातांचे विसरतात. काम घरात चालते, म्हणून ते घरकामच समजले जाते. दुकानाचे भाडे नाही, मग इतके पैसे कशाचे, असा प्रश्न होतो. या प्रश्नामागे जुनाच समज आहे: जे घरात केले ते श्रम नव्हेत आणि जे टिकत नाही ती कला नव्हे. वास्तविक लग्नात जे जे अत्यंत मोलाचे असते, ते सारे क्षणिकच आहे. सनईचा सूर विरतो, अक्षता पायदळी जातात, होमाची ज्वाला शांत होते. माळ कोमेजते म्हणून तिचे मोल उणे ठरत नाही. ती त्या एका घटकेसाठीच गुंफलेली असते आणि त्या घटकेला ती ताजी ठेवणे, हेच फुलाऱ्याचे सारे कौशल्य.

जयपूरच्या परकोटाला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. दगडी कमानी आणि गुलाबी भिंती त्या वारशात आल्या. बडी चौपडीवर रोज पहाटे जो वारसा पाट्यांतून उतरतो आणि ऊन चढण्यापूर्वी विकला जातो, तोही त्याच नगराचा भाग आहे. मंडपातील मंडळी पांगल्यावर, दिवे मालवल्यावर, फुले उतरविण्यासाठी मागे राहणाऱ्या माणसांचे नाव एखाद्या यजमानाने विचारले, तर या जुन्या कलेच्या इतिहासाची एक ओळ तरी लिहिली जाईल.