घोंगडीची ऊब आणि रम्फर्डचा तक्ता

नाशिकचा हिवाळा महाराष्ट्रांत कडक म्हणून प्रसिद्ध आहे. निफाडकडील द्राक्षमळ्यांत कांहीं वर्षीं पारा पांच अंश सेंटिग्रेडच्याही खालीं उतरतो आणि मळेवाले रात्रीं शेकोट्या पेटवून वेलींची राखण करतात. अशा रात्रीं माणूस घोंगडी पांघरतो आणि घोंगडी ऊबदार आहे असें म्हणतो. पण हीच घोंगडी बर्फाच्या लादीभोंवतीं गुंडाळली, तर बर्फ वितळावयास उशीर लागतो. जी वस्तु माणसाला ऊब देते, तीच बर्फाला थंड कशी राखते? ह्या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें मिळालें नाहीं. तें घड्याळ आणि उष्णतामापक हातीं घेऊन शोधावें लागलें.

हा शोध घेणाऱ्यांत बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड ह्याचें नांव अगत्यानें घ्यावें लागतें. १७५३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत जन्मलेला हा गृहस्थ पुढें बव्हेरियाच्या राजसेवेंत शिरला. तेथील सैन्याची व्यवस्था सुधारण्याचें काम त्यानें केलें, आणि कोणतें वस्त्र अंगाची उष्णता अधिक राखतें ह्या प्रश्नाचा छडा लावण्याचें त्यानें मनावर घेतलें.

त्यानें उष्णतामापकाचा फुगा एका मोठ्या कांचेच्या गोळ्याच्या मधोमध बसविला आणि दोहोंमधल्या पोकळींत एकेक पदार्थ भरला. प्रत्येकाचें वजन सोळा ग्रेन, म्हणजे सुमारें एक ग्रॅम, एवढेंच ठेविलें. तें उपकरण उकळत्या पाण्यांत तापवून मग बर्फाच्या पाण्यांत बुडवावयाचें, आणि रेओमूरच्या मापाच्या ७० अंशांपासून १० अंशांपर्यंत पारा उतरण्यास किती सेकंद लागतात तें मोजावयाचें, अशी त्याची रीत होती. पोकळींत नुसती हवा असतां ५७६ सेकंद लागले. कापूस भरला तेव्हां १०४६, मेंढीची लोकर भरली तेव्हां १११८, कच्चें रेशीम भरलें तेव्हां १२८४ आणि सशाची लव भरली तेव्हां १३१५ सेकंद लागले. हे प्रयोग १७९२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षीं तिचें कोप्ले पदक त्याला मिळालें.

परंतु ह्या तक्त्यांतील खरी मौज पुढेंच आहे. तेंच रेशीम, तेंच सोळा ग्रेन वजन. पण शिवणाच्या पिळदार दोऱ्याचे तुकडे करून भरलें, तेव्हां १२८४ ऐवजीं ९१७ सेकंदांतच पारा उतरला. लोकरीच्या दोऱ्याला ९३४ आणि कापसाच्या सुताला ८५२ सेकंद पुरले. पदार्थ बदलला नव्हता, वजनही बदललें नव्हतें. बदलली होती ती फक्त त्याची पिंजलेली, भुसभुशीत रचना. ऊब राखण्याचें मुख्य काम तंतूंमध्यें अडकलेली हवा करते, हें ह्यावरून उघड झालें. मोकळी हवा तापली कीं वर चढते व उष्णता घेऊन जाते. तंतूंच्या जाळ्यांत ती जखडली म्हणजे हें वाहणें थांबतें. हवा मुळींच उष्णतावाहक नाहीं असें मात्र रम्फर्ड मानीत असे, आणि तें पुढें चुकीचें ठरलें. ती वाहक आहे, पण अतिशय मंद. तांबें तिच्या पंधरा हजार पटींहूनही अधिक वेगानें उष्णता पुढें नेतें.

अडकलेल्या हवेच्या ह्याच गुणावर पुढें एक मोठा व्यापार चालला. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनें १८३३ च्या मे महिन्यांत ‘टस्कनी’ जहाजांतून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांचा प्रवास, त्यांत दोनदां विषुववृत्त ओलांडावयाचें. तरीही सुमारें शंभर टन बर्फ शाबूत पोंचला. लवकरच मुंबईसही असा बर्फ येऊं लागला, आणि कोटांत सेंट अँड्र्यूज चर्चजवळ त्याच्यासाठीं गोल बर्फघर उभें राहिलें. ह्या व्यापारांत बर्फाचें रक्षण करणारी वस्तु म्हणजे मुख्यतः लाकडाचा भुसा. वखारवाल्यानें फेंकून दिलेल्या भुशांत हवाच अधिक होती.

नाशिकच्या शाळेंत ही तुलना करावयाची झाल्यास खर्च फारसा नाहीं. तांबट आळीची परंपरा असलेल्या ह्या गांवांत एकाच घडणीचे व वजनाचे पांच तांबे सहज मिळतील. पांच सारखे डबे घ्यावे आणि प्रत्येकांत लांकडी फळीच्या तुकड्यावर एकेक तांब्या ठेवावा. भोंवतालच्या दोन बोटें जागेंत एका डब्यांत घोंगडीचे तुकडे, दुसऱ्यांत इगतपुरीकडील भाताचें तूस, तिसऱ्यांत लाकडाचा भुसा, चवथ्यांत चुरगळलेला वर्तमानपत्राचा कागद भरावा. पांचव्यांत नुसती हवा राहूं द्यावी. तुलनेला आधार तोच. सर्वांत पाणी सारखेंच, झांकणेंही सारखींच असावींत, कारण उघड्या तोंडावाटे जाणारी वाफ सगळा हिशेब बिघडविते. प्रत्येक तांब्याचा पारा ८० अंशांवर येईल त्या क्षणापासून त्याची वेळ धरावी आणि दर पांच मिनिटांनीं आंकडा लिहावा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारें सहाशें मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी शंभर अंशांवर नव्हे, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतें; म्हणून उष्णतामापकांची परीक्षा वितळत्या बर्फांत घ्यावी. शेवटीं तांब्यांची अदलाबदल करून प्रयोग निदान तीनदां करावा.

येथें एक सूक्ष्म भेद आहे. सारख्या जाडीचे थर घेऊन केलेली तुलना वेगळी आणि रम्फर्डप्रमाणें सारखें वजन घेऊन केलेली तुलना वेगळी. दोहोंचा निकाल एकच येईल असें नाहीं. भरण दाबून बसविलें, तर तोच पदार्थ निराळा आंकडा देईल. घोंगडी भिजवून घातली, तर हवेची जागा पाणी घेईल, आणि पाणी हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णतावाहक आहे. म्हणून विद्यार्थ्यानें नुसतें पदार्थाचें नांव लिहून थांबूं नये. वजन, जाडी, दाब आणि ओलावा हींही तक्त्यांत नोंदवावींत.

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाहीं. उन्हाळ्यांत नाशकांत पारा चाळिशीपर्यंत चढतो, तेव्हां पत्र्याच्या छपराखालीं राहणाऱ्या कुटुंबाला दुपार काढणें कठीण जातें. त्या पत्र्याखालीं पेंढ्याचा थर द्यावा, तूस भरावें कीं कागदाचे पुठ्ठे लावावे. जाडी किती ठेवावी. पावसांत गळती लागली तर त्यांतला कोणता थर निकामी होईल, ह्या प्रश्नांचीं पहिलीं उत्तरें वर्गांतल्या पांच तांब्यांवरून मिळूं शकतात. आग लागण्याचें भय कोणत्या थराला अधिक, हा त्यापुढचा निराळा प्रश्न. त्याचीही परीक्षा छपराला हात घालण्यापूर्वींच झाली पाहिजे.