वाटाण्याचा वाफा आणि दोन हिशेब

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. वरून गरीब आणि आतून कावेबाज अशा माणसांसाठी. गंमत अशी की प्राणिशास्त्रानेही गोगलगायीच्या वर्गाला ‘उदरपाद’ असेच नाव दिले आहे. या म्हणीतले शहाणपण परसात वाटाणा लावणाऱ्याला जितके पटते तितके व्याकरणकाराला पटत नसावे. गेल्या कार्तिकात घरामागच्या लहानशा वाफ्यात वाटाणा टोकला. कोंभ बोटभर वर आले आणि दोनच रात्रींत निम्म्याहून अधिक नाहीसे झाले. सकाळी मातीवर उरले होते ते फक्त चकाकणारे चिकट माग. शंख नसलेल्या गोगलगायींचे हे काम. मग गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला अंथरायचे आणि पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी उचलून मिठाच्या पाण्यात टाकायच्या, असा क्रम काही दिवस चालला. दुसऱ्यांदा टोकलेला वाटाणा त्यामुळे वाचला. पहिल्या खेपेची नेमकी किती रोपे गेली, हे मात्र मोजायचे राहून गेले. नुकसानीचा वैताग आपण करतो, हिशेब ठेवत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असा हिशेब ठेवणारी दोन माणसे युरोपात होऊन गेली. दोघांची गाठ कधी पडली नाही.

त्यांतला पहिला चार्ल्स डार्विन. 1842पासून तो लंडनजवळच्या डाऊन या खेड्यात राहत होता. 1857 साली त्याने आपल्या बागेत तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा जमिनीचा तुकडा खणून साफ केला आणि त्यात काहीही पेरले नाही. आपोआप उगवून येणाऱ्या तणाच्या प्रत्येक रोपावर त्याने खूण केली. एकूण 357 रोपे उगवली. त्यांपैकी 295 नष्ट झाली, आणि ती मुख्यतः गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. 1859 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये जीवनकलहाच्या प्रकरणात हे आकडे आले आहेत. विश्वव्यापी वाटणाऱ्या त्या सिद्धान्ताचा एक पुरावा असा सहा चौरस फुटांच्या मातीतून उचललेला आहे. माळी ज्याला नासाडी म्हणतो, तिच्यात डार्विनला निसर्गाची निवड दिसली.

दुसरा ग्रेगोर मेंडेल, ब्रनो येथील सेंट थॉमस मठातला धर्मगुरू आणि शिक्षक. शिक्षकाच्या पात्रतेची परीक्षा तो दोनदा देऊनही उत्तीर्ण होऊ शकला नाही. वर्षानुवर्षे बदली शिक्षक म्हणूनच त्याने शिकवले. त्याचे नाव वाटाण्याशी कायमचे जोडले गेले आहे, पण त्याचे पहिले छापील लेखन किडीविषयी होते, हे सहसा सांगितले जात नाही. 1853 साली त्याने मुळ्याची नासाडी करणाऱ्या एका पतंगावर टिपण लिहिले, आणि 1854 साली वाटाण्याच्या दाण्यात शिरणाऱ्या भुंगेऱ्यावर. म्हणजे वाटाण्याचे नियम शोधण्याआधी त्याने वाटाण्याचा शत्रू नीट पाहून घेतला होता.

ही ओळख पुढे उपयोगी पडली. वाटाण्याच्या 34 जाती आणून त्याने दोन वर्षे पारखल्या, 22 निवडल्या आणि 1856 ते 1863 या काळात प्रयोग केले. वाटाण्याचे फूल मिटलेले असते. त्यातले पराग त्याच फुलात पडतात. म्हणूनच त्याने हे पीक निवडले. पण कीटकाने फूल उघडून परका पराग आत नेला तर सगळा हिशेब चुकणार होता. यासाठी त्याने बाहेरच्या वाफ्याबरोबरच काही रोपे कुंड्यांत लावून फुलण्याच्या काळात काचघरात ठेवली. भुंगेऱ्याची मादी फुलात अंडी घालताना पाकळ्या उघडते, हे त्याला ठाऊक होते. फुलात सापडलेल्या अशा एका भुंगेऱ्याच्या पायांना चिकटलेले परागकण भिंगातून दिसल्याची नोंद त्याने आपल्या निबंधात केली आहे. दहा हजारांहून अधिक झाडे तपासल्यावर परक्या परागाची शंका फार थोड्या ठिकाणी आली, असेही तो सांगतो.

या सावधपणामुळे त्याच्या आकड्यांना वजन आले. एका प्रयोगात 253 झाडांवर 7324 दाणे मिळाले. 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले. जवळजवळ तिनास एक. 1865 साली त्याने ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे हे वाचले, 1866 साली ते छापले गेले, आणि त्याचे महत्त्व जगाला कळले ते 1900 साली, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

डार्विनकडेही असा आकडा होता. 1868च्या ग्रंथात अँटिऱ्हायनमच्या संकराच्या दुसऱ्या पिढीचा हिशेब त्याने दिला आहे: 88 झाडे नेहमीच्या फुलांची, 37 वेगळ्या घडणीच्या फुलांची आणि 2 मधली. मेंडेलला त्यात गुणोत्तर दिसले असते. डार्विनला ते दिसले नाही. मेंडेलने मात्र डार्विनचा ग्रंथ जर्मन भाषांतरातून वाचला होता आणि समासात खुणाही केल्या होत्या.

एकाने मेलेली रोपे मोजली, दुसऱ्याने पिकलेले दाणे. कोण टिकते हे पहिल्याने सांगितले. टिकलेला पुढच्या पिढीला काय देतो, हे दुसऱ्याने. हे दोन हिशेब एका वहीत मांडायला विसाव्या शतकातले फिशर, हॉल्डेन आणि राइट यांच्यापर्यंत थांबावे लागले. विज्ञानाचा इतिहास आपण ग्रंथांच्या नावांनी आणि सिद्धान्तांनी शिकवतो. त्यातला वाफा, भुंगेरा आणि गोगलगाय गाळून टाकतो. मग विद्यार्थ्याला वाटते की असले शोध लागतात ते आपल्या परसापासून फार दूर कुठेतरी.

येत्या कार्तिकात पुन्हा वाटाणा टोकायचा आहे. गूळ आणि गोणपाट तयार आहेत. या खेपेला शेजारी एक वही आणि पेन्सिलही असेल.