पाट्या मराठी झाल्या, अक्षरांचे काय?

दुकानांच्या पाट्यांवरील मराठीचा प्रश्न कायद्याच्या पातळीवर बव्हंशी निकाली निघाला आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात मार्च २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. पाटीवरील मराठी मजकूर देवनागरीत, आरंभी आणि अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसलेल्या आकारात असावा, असे बंधन आले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि ती संपताच मुंबईत पालिकेची तपासणी सुरू झाली. पाट्या बदलल्या, पण घाईने. इंग्रजी नावासाठी जाहिरात संस्थेकडून पैसे मोजून घडवून घेतलेले बोधचिन्ह आणि त्याच्या शेजारी फ्लेक्सवाल्याच्या संगणकात हाताला लागेल त्या फॉण्टमध्ये टंकलेले मराठी नाव, असे दृश्य मोठमोठ्या बाजारपेठांत दिसते. कायदा अक्षराची उंची मोजतो. अक्षराची घडण मोजण्याची सोय त्यात नाही, आणि ती असणे शक्यही नाही.

मुळात उंची मोजणेही वाटते तेवढे सोपे नाही. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द दोन समांतर रेषांत चपखल बसतो. देवनागरी अक्षराला मात्र तीन मजले असतात. शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. आणि या दोहोंच्या मध्ये अक्षराचा मुख्य देह. दोन्ही शब्द एकाच उंचीच्या चौकटीत बसवले, तर मराठी शब्दाचा देह इंग्रजीच्या मानाने बराच लहान पडतो आणि रस्त्याच्या पलीकडून इंग्रजीच आधी वाचले जाते. नियमाचे अक्षरशः पालन होते, एवढेच. जाणकार अक्षररचनाकार म्हणूनच वेलांटीच्या टोकापासून न मोजता शिरोरेषेपासून मोजतो आणि मराठी शब्द थोडा मोठाच ठेवतो.

दुसरी अडचण कलमाची. बोरूचे टोक ज्या तिरकसपणे छाटले जाते, त्याच्या उलट तिरकसपणे पाश्चात्त्य लेखणी धरली जाते. परिणामी देवनागरीत रेघ जेथे जाड होते तेथे रोमनमध्ये ती बारीक असते. इंग्रजी बोधचिन्हाची 'मराठी आवृत्ती' करताना रोमन अक्षरांचे तुकडे उचलून त्यांना शिरोरेषेखाली टांगले जाते, तेव्हा शब्द परका का वाटतो याचे एक उत्तर येथे आहे. इंग्रजीत शब्दाला ऐसपैसपणा आणण्यासाठी अक्षरांमधले अंतर वाढवता येते. देवनागरीत तेच केले की शिरोरेषा तुटते. देवनागरीत मोठी आणि लहान अशी दोन रूपेही नाहीत. जोर द्यायचा तो जाडीने, आकाराने किंवा रंगाने.

खिळ्यांचा काळ

मुंबईने या लिपीच्या छपाईला दिलेले रूप आज विस्मरणात गेले आहे. अमेरिकन मिशन छापखान्यातील थॉमस ग्रॅहॅम आणि गणपत कृष्णाजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी खिळे घडवले. ग्रॅहॅम यांच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना काढला. त्यांना राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कसबी कारागीर लाभला होता. संस्कृत ग्रंथांच्या सुबक छपाईसाठी निर्णयसागरचे नाव देशभर झाले, त्यात या खिळ्यांचा वाटा मोठा होता. बोरूचा वळसा त्यांनी धातूत उतरवला होता.

मात्र देवनागरीची जुळणी हे जिकिरीचे काम होते. जोडाक्षरे धरून शेकडो प्रकारचे खिळे लागत आणि जुळाऱ्याला त्यांच्या खणांपुढे उभे राहून दिवस काढावा लागे. खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनीही केला. १९३० च्या दशकात हरी गोविल यांनी देवनागरी लायनोटाइप यंत्रावर आणली. त्या यंत्राला कळा होत्या नव्वद. अक्षरे कापावी लागली, मात्रा बाजूला सरकल्या, जोडाक्षरे आडवी झाली. यंत्राने लिपीकडून घेतलेली ही किंमत होती. या साऱ्या प्रवासाचा सर्वांत सविस्तर लेखाजोखा बापूराव नाईक यांच्या देवनागरी मुद्राक्षरांवरील इंग्रजी ग्रंथात आहे. १९७१ मध्ये राज्याच्या भाषा संचालनालयाने तो प्रसिद्ध केला. विषयात रस असणाऱ्याने तो एकदा तरी चाळावा.

हाताने काढलेली शीर्षके

यंत्राच्या या आवळलेल्या अक्षरांना उत्तर दिले ते हाताने शीर्षके काढणाऱ्यांनी. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता चित्रपटाची भित्तिपत्रके केली. त्यांच्या 'कल्याण खजिना' (१९२४) या मूकपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी मानले जाते. पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी दिवाळी अंकांना चेहरा दिला.

पण केवळ अक्षर या एका गोष्टीवर आयुष्य काढले ते कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी. टाइम्स समूहाच्या कला विभागात काम करताना आणि त्यानंतरही त्यांनी मराठी नाटकांची शीर्षके रेखाटली. वर्तमानपत्रातील नाटकाची जाहिरात म्हणजे एक-दोन स्तंभांची काळी-पांढरी चौकट, आणि आजूबाजूला तशाच डझनभर चौकटी. तेथे चित्राला जागा नसते. नाटक विनोदी की ऐतिहासिक, कौटुंबिक की रहस्यमय, हे नावाच्या वळणावरूनच कळावे लागते. शेडगे यांनी शिरोरेषा कधी वाकवली, कधी गाळली, वेलांटीला शब्दावर छत्रीसारखे पसरू दिले. तरी शब्द वाचता येणार नाही इतकी मोडतोड केली नाही. 'माझी अक्षरगाथा' या पुस्तकात त्यांनी हा प्रवास मांडला आहे. नव्या मुलांना प्रेरणेसाठी परदेशी संग्रह धुंडाळावे लागतात, हे ऐकून म्हणूनच नवल वाटते.

शेडगे यांचे समकालीन र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांची वाट वेगळी. उल्का या जाहिरात संस्थेतील कारकिर्दीनंतर ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापक झाले. संगणकाने देवनागरीसाठी स्वतःला बदलावे, लिपीने यंत्रासाठी नव्हे, हा त्यांचा ध्यास होता. विंडोज २००० पासून कोट्यवधी संगणकांवर पोहोचलेला 'मंगल' हा फॉण्ट त्यांचा. याच केंद्रात संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांनी रुपयाचे चिन्ह रेखाटले आणि केंद्र सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ आणि वर शिरोरेषा, एवढाच त्याचा ऐवज. दोन लिपी एका चिन्हात नांदू शकतात, याचे इतके आटोपशीर उदाहरण दुसरे सापडणे कठीण. अच्युत पालव यांनी मोडीच्या वळणांतून सुलेखनाची निराळी शैली उभी केली; त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आता सबब नाही

डीटीपीच्या काळात 'योगेश', 'सुरेख' आणि श्रीलिपीतील मोजक्या फॉण्टांवर सारा महाराष्ट्र छापला गेला. चांगले फॉण्ट विकत घ्यावे लागत, हे खरे. आज ती अडचण उरलेली नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्त', 'बलू', 'मोदक' हे फॉण्ट गूगलवर विनामूल्य मिळतात. 'मुक्त' सात जाडींमध्ये आहे. 'मोदक' इतका गुबगुबीत की अक्षरांतल्या पोकळ्या जवळपास बुजाव्यात. मिठाईच्या दुकानाला शोभेल, दवाखान्याला नाही.

पाटी छापायला देण्यापूर्वी दोन गोष्टी दुकानदाराने स्वतः पाहाव्यात. 'ल' आणि 'श' यांची मराठी रूपे हिंदी रूपांहून वेगळी आहेत. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' प्रमाण मानले. अनेक फॉण्टांत हिंदी रूपे आपोआप उमटतात, मराठी रूपे निवडावी लागतात. दुसरी गोष्ट अर्धचंद्रासारख्या 'ऱ'ची. तो नसलेल्या फॉण्टात त्याची जागा रफार घेतो, आणि 'आचाऱ्यांना पाहिजे' अशी खानावळीची जाहिरात स्वयंपाक्यांऐवजी थेट गुरुजनांना आवतण धाडते.