सरळ रेषा आणि वांकड्या रेषा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रॉकी पर्वताच्या पूर्वेस उंच मैदानांचा विस्तीर्ण प्रदेश पसरलेला आहे. गवत विपुल, झाडें विरळ आणि पाऊस बेभरंवशाचा, असा हा पशुपालकांचा मुलूख. येथें ज्याच्या हातीं ओढा, त्याच्याच हातीं भोंवतालचें कुरण. या मुलखाचे जुने नकाशे उलगडले म्हणजे त्यांवर दोन जातींच्या रेषा दिसतात. त्यांच्या कलहांतच या प्रदेशाचा इतिहास सांठविलेला आहे.

पहिली जात सरळ रेषांची. सरकारी मोजणीदारांनीं जमिनीचे एकेक मैल बाजूचे चौरस पाडले. १८६२ च्या कायद्यानें अशा चौरसाचा चतुर्थांश, म्हणजे १६० एकर जमीन, वस्ती करणाऱ्या कुटुंबास जवळजवळ फुकट मिळूं लागली. पाणी कोठें आहे, हें त्या चौरसानें कधीं विचारलें नाहीं.

दुसरी जात वांकड्या रेषांची. १८७९ सालीं स्थापन झालेल्या भूगर्भ-पाहणी खात्याच्या नकाशांत चढउतार तपकिरी रेषांनीं आणि पाणी निळ्या रेषांनीं दाखविलेलें असे. निळी रेषा ठिपक्यांनीं तुटलेली असली, तर तो ओढा बारमाही नव्हे, असें समजावें.

जॉन वेस्ली पॉवेल हे १८८१ पासून या खात्याचे प्रमुख होते. यादवी युद्धांत त्यांचा उजवा हात गेला होता. वीस इंचांहून कमी पाऊस पडतो तेथें पाटाच्या पाण्यावांचून शेती भरंवशाची नाहीं, असें त्यांनीं १८७८ मध्येंच बजावलें होतें. गुरें पाळणाऱ्या कुटुंबास २,५६० एकर जमीन द्यावी, आणि प्रत्येकास पाणी लाभेल अशा बेतानें हद्दी आंखाव्या, ही त्यांची सूचना होती. ती मानली गेली नाहीं. १८८८ मध्यें सुरू झालेल्या पाटबंधाऱ्यांच्या पाहणीचा पैसाही १८९० सालीं कायदेमंडळानें तोडला. १८९४ मध्यें पॉवेल पायउतार झाले.

पुढें पश्चिम नेब्रास्कांत १९०४ सालीं आणि इतरत्र चराऊ जमिनींसाठीं १९१६ सालीं मर्यादा ६४० एकरांपर्यंत वाढली. पण तीहि पॉवेलांच्या हिशेबाच्या चतुर्थांशच! १९३० नंतरच्या अवर्षणांत नांगरलेली माती धुळीच्या वादळांत उडाली, आणि हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं.

अलास्का वगळतां देशाच्या मुख्य भूमीची तपशीलवार नकाशामालिका पुरी व्हावयास १९९२ साल उजाडलें. सरळ रेषा आधीं आल्या व त्यांनीं माणसांचें भवितव्य ठरविलें; वांकड्या रेषांनीं जमिनीचें म्हणणें सांगितलें, तें मात्र फार उशिरां.