नाव, चौकट आणि साधारणीकरण

नेसरीच्या खिंडीचे चित्र मराठी वाचकाच्या मनात इतके ठाम बसले आहे की, ते प्रत्यक्ष कोणी पाहिले होते, हा प्रश्न सहसा उद्भवतच नाही. बहलोलखानाच्या सैन्याशी झालेल्या झुंजीत सरनोबत प्रतापराव गुजर पडले, तो दिवस २४ फेब्रुवारी १६७४ हा मानला जातो. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या सभासद बखरीत युद्ध आहे, सरनोबतांचा मृत्यू आहे. सात स्वारांची प्रतिमा मात्र तेथे नाही. तिचे बीज सापडते ते एका परक्या दप्तरात. मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी याने एप्रिल १६७४ मध्ये लिहिलेल्या पत्रात दोन डोंगरांमधील अरुंद वाट आणि प्रतापरावांसोबत पडलेले सहा घोडेस्वार यांचा त्रोटक उल्लेख आहे. त्या सहांची नावे पत्रात नाहीत. पुढे कुसुमाग्रजांच्या कवितेने, आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीतात लता मंगेशकरांनी गायिलेल्या तिच्या गीतरूपाने, या त्रोटक उल्लेखाला एक अखंड चौकट दिली. त्या चौकटीत ‘सात’ ही संख्याच नावांचे काम करते.

घटना विरून जाते, तिची एक चौकट उरते आणि चौकटीतील माणसांची नावे गळून पडतात, ही प्रक्रिया काव्यापुरती मर्यादित नाही. विसाव्या शतकात ती वृत्तछायाचित्राच्या क्षेत्रात घडली आणि तिला संस्थात्मक रूपही मिळाले. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ही स्पर्धा व तिचे फिरते प्रदर्शन म्हणजे हे संस्थात्मक रूप होय. या संस्थेच्या इतिहासाकडे पाहताना ‘सर्वोत्तम चित्र कोणते?’ या प्रश्नापेक्षा ‘चित्रात कोणाचे नाव राहते?’ हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

१९५५ मध्ये नेदरलँड्समधील छायाचित्रकारांच्या संघटनेने आपली राष्ट्रीय स्पर्धा अन्य देशांतील व्यावसायिकांना खुली केली. पहिल्या वर्षी ११ देशांतील ४२ छायाचित्रकारांनी भाग घेतला. डेन्मार्कच्या मोगेन्स फॉन हावेन यांच्या ज्या चित्राला पहिला सन्मान मिळाला, त्यात शर्यतीत मोटारसायकलवरून कोसळणारा एक स्वार होता. प्रारंभीची ही निरागसता फार काळ टिकली नाही. १९६३ मध्ये सायगावात आत्मदहन करणारा बौद्ध भिक्षू, १९६८ मध्ये त्याच शहरातील रस्त्यावर डोक्यात गोळी घातला जाणारा कैदी: पुरस्काराचा इतिहास पाहता पाहता वेदनेचा इतिहास झाला. अ‍ॅमस्टरडॅमहून निघणारे प्रदर्शन एके काळी दरवर्षी सुमारे शंभर शहरांपर्यंत जात असे. वृत्तपत्रात दुसऱ्या दिवशी रद्दी होणारे चित्र अशा रीतीने भिंतीवर आले, आणि वाचकाचा प्रेक्षक झाला.

हे स्थलांतर साधे नाही. संस्कृत काव्यशास्त्रात भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. काव्यातील शोक हा अमक्याचा शोक म्हणून उरत नाही, त्याचे व्यक्तिविशिष्ट संबंध सुटतात, म्हणूनच सहृदयाला तो करुण रस म्हणून आस्वाद्य होतो. प्रदर्शनाची भिंत नेमके हेच करते. बातमीचा स्तंभ, तारीख, शेजारची जाहिरात हे सारे गळून पडते, आणि एका आईचा आकांत ‘मातेचा आकांत’ होतो. परंतु काव्यातील राम आणि छायाचित्रातील माणूस यांत एक मूलभूत भेद आहे. रोलाँ बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्राचे सत्त्व सांगितले ते असे की, समोरची वस्तू तेथे खरोखरच होती, हे छायाचित्रात नाकारता येत नाही. जी व्यक्ती खरोखरच होती, तिचे साधारणीकरण करताना काही हिरावून घेतले जाते.

भारतातून गेलेल्या दोन चित्रांनी हा पेच उघड केला. डिसेंबर १९८४ मधील भोपाळच्या वायुकांडानंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका बालकाचे पाब्लो बार्थोलोम्यू यांनी घेतलेले रंगीत छायाचित्र त्या वर्षीचे सर्वश्रेष्ठ ठरले. त्याच बालकाचे रघु राय यांनी टिपलेले कृष्णधवल चित्रही जगभर गेले. दोन्ही छायाचित्रकारांची नावे इतिहासात नोंदली गेली. बालकाचे नाव कोणालाच कळले नाही. ज्या दुर्घटनेत मृतांचा आकडाच वादाचा विषय होऊन बसला, तिच्या संदर्भात हे अनामिकत्व केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. नाव नसलेला मृत कोणत्याही यादीत, कोणत्याही दाव्यात मोजला जात नाही.

दुसरे चित्र मुंबईत राहून काम करणाऱ्या अर्को दत्ता यांचे. २८ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामीनंतर, तमिळनाडूतील कडलूर येथे घेतलेल्या या चित्रात वाळूवर पालथी पडून आक्रोश करणारी स्त्री आहे. ज्याच्यासाठी हा शोक आहे त्या मृत आप्ताचा केवळ हात चौकटीच्या कडेला दिसतो. मृत्यूला जवळजवळ चौकटीबाहेर ठेवण्याचा हा संयम नाट्यधर्माला जवळचा आहे, आणि चित्राचे सामर्थ्यही त्यातच आहे. तथापि तोच संयम पाहणाऱ्याला सहजपणे आस्वादकाच्या आसनावर बसवतो.

स्पर्धेच्या उत्तरकालीन इतिहासात हा प्रश्न वेगळ्या वाटेने परत आला. २०१५ मध्ये बेल्जियमच्या शार्लरुआ शहरावरील पुरस्कारप्राप्त चित्रमालेचा सन्मान काढून घेण्यात आला, कारण तिच्यातील एका चित्राचे स्थळ चुकीचे सांगितले होते. मे २०२५ मध्ये तर व्हिएतनाम युद्धातील, १९७२ च्या नापाम हल्ल्यातून पळणाऱ्या मुलीच्या चित्रावरील निक उट यांचे कर्तृत्वच संस्थेने स्थगित ठेवले. ते त्या दिवशी तेथेच असलेल्या स्थानिक छायाचित्रकाराने घेतले असण्याची शक्यता तिने मान्य केली. पन्नासाहून अधिक वर्षे निःशंक मानलेले नावही अखेर तपासाचा विषय झाले. याउलट २०२४ मध्ये सर्वश्रेष्ठ ठरलेल्या मोहम्मद सालेम यांच्या गाझातील चित्राखाली भाचीचे कलेवर कवटाळणाऱ्या स्त्रीचे आणि त्या मुलीचेही नाव होते. स्त्रीचा चेहरा झाकलेला, मुलीचा देह कफनात. दृश्य जे सांगत नव्हते ते ओळीने सांगितले.

चित्राखालची ओळ ही वृत्तछायाचित्राची दुय्यम पुरवणी आहे, अशी समजूत समीक्षेतही आढळते. वस्तुतः साधारणीकरणाच्या ओघाला बांध घालणारे तेवढेच एक साधन त्या भिंतीवर असते. रस आणि साक्ष या दोन मागण्या तेथे एकमेकींशी झगडतात, आणि त्यांतील साक्षीची बाजू ती ओळ सांभाळते. ओळ गेली की चित्र सुंदर राहते, साक्षीदार राहत नाही.

नेसरीच्या खिंडीत आज स्मारक आहे, आणि समकालीन पत्राने न दिलेली सहा नावेही परंपरा सांगते. त्या नावांना समकालीन आधार किती, हा संशोधनाचा विषय आहे. परंतु ती शोधण्याची गरज समाजाला भासली, ही गोष्ट अधिक अर्थपूर्ण आहे. कवितेचे काम सात या संख्येवर भागले होते. जे खरोखर मेले, त्यांच्या बाबतीत संख्येवर भागत नाही, हे लोकांनी समीक्षेच्या आधी ओळखले होते.