वाढपी ओळखीचा हवा!

पंगतीत वाढपी ओळखीचा असला की कुठेही बसलं तरी चालतं, असं आपल्याकडे म्हणतात. जिलबी शेवटच्या पानापर्यंत बरोबर पोचते! पण हॉटेलात काय करायचं? तिथे वाढणारा अनोळखी आणि जेवणाराही अनोळखी. तरी त्याने आपल्याला हसून, अगत्याने वाढावं अशी आपली अपेक्षा असते. अशी माणसं आणायची कुठून? एका माणसाने या प्रश्नाचं जे उत्तर काढलं, त्याबद्दल आज लिहायचंय.

फ्रेड हार्वे मूळचा लंडनचा, जन्म १८३५ चा. विशीच्या आतच न्यूयॉर्कला आला आणि एका हॉटेलात भांडी घासायला लागला. पुढे रेल्वेत नोकरी केली आणि फिरतीवर असताना स्टेशनांवरचं अन्न त्याच्या वाट्याला आलं. गाडी वीस-तीस मिनिटं थांबायची. लोक धावत खानावळीत शिरायचे आणि शिळं मांस नि कडू कॉफी समोर येईपर्यंत गाडी सुटायची वेळ! पैसे मात्र आधीच घेतलेले. उरलेली ताटं पुढच्या गाडीच्या लोकांना वाढत असत म्हणे.

१८७६ साली हार्वेने कॅन्ससमधल्या टोपीका स्टेशनवर सँटा फे रेल्वेसाठी खानावळ चालवायला घेतली. ताजं अन्न, स्वच्छ टेबलक्लॉथ, चांगली कॉफी. लोकांना हे इतकं आवडलं की रूळ जसजसे पश्चिमेकडे सरकले, तसतशा हार्वेच्या खानावळीही सरकल्या.

अन्नाचा प्रश्न सुटला, पण वाढणाऱ्यांचा सुटेना. १८८३ साली न्यू मेक्सिकोतल्या रॅटन गावी प्रकरण हातघाईवर आलं. तिथले वेटर कृष्णवर्णीय पुरुष होते आणि गिऱ्हाइकांत पिस्तूल बाळगणारे गोरे काउबॉय. व्हायचं तेच झालं, मारामारी. हार्वेने येऊन सगळ्यांना काढून टाकलं आणि टॉम गेबल नावाचा नवा मॅनेजर नेमला. गेबलने सुचवलं की पुरुष नकोतच, मुली आणूया.

मग पूर्वेकडच्या आणि मिडवेस्टच्या वर्तमानपत्रांत जाहिराती झळकल्या. वय १८ ते ३०, चारित्र्य चांगलं, दिसायला नीटस, हुशार... आपल्याकडच्या 'वधू पाहिजे'ची आठवण यावी अशीच! अनुभवाची मात्र अट नव्हती. मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती हीच. वाढायला शिकवता येतं, मुळातला स्वभाव शिकवता येत नाही, हे हार्वेने ओळखलं होतं.

आणि शिकवलं तरी किती! सुमारे महिनाभर प्रशिक्षण चाले. काळा पोशाख, त्यावर कडक इस्त्रीचा पांढरा एप्रन, चेहऱ्यावर रंगरंगोटी नाही. गाडीतून किती लोक जेवायला उतरणार हे तारेने आधीच कळवलेलं असायचं, त्यामुळे गाडी फलाटाला लागायच्या आत पहिली ताटं तयार. एकीने विचारायचं, "काय घेणार?" आणि उत्तराप्रमाणे समोरचा कप ठेवायचा. बशीत सुलटा ठेवला तर कॉफी, उपडा ठेवला तर चहा. मागून येणारी दुसरी मुलगी काहीही न विचारता नेमकं तेच ओतायची. गिऱ्हाईक थक्क!

पण नुसत्या शिस्तीने माणसं टिकत नाहीत. या मुलींना महिना साडेसतरा डॉलर पगार होता, शिवाय टिप, राहणं, जेवण आणि रेल्वेचा पास. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला त्या काळी शिक्षिका होणं नाहीतर घरकाम करणं, याहून फारशी वाट नव्हती. वेट्रेस म्हटलं की लोक नाक मुरडत. म्हणून हार्वेने वसतिगृहं बांधली, त्यांवर देखरेखीला पोक्त बाई नेमली आणि रात्री परतायची वेळ ठरवून दिली. ठरावीक मुदतीत लग्न करणार नाही, असं लिहून घेतलं जाई. आज हे सगळं जाचक वाटतं आणि ते होतंही. पण त्यामुळेच आईबाप मुलीला हजार मैलांवर पाठवायला तयार झाले. तिथे ती स्वतः कमवू लागली, घरी पैसे पाठवू लागली. कितीतरी जणी मुदत संपल्यावर तिकडेच लग्न करून राहिल्या. १९४६ साली त्यांच्यावर सिनेमाही निघाला, जुडी गारलंडचा.

इथवर गोष्ट छान आहे. पण मला राहून राहून रॅटनचे ते वेटर आठवतात. त्रास देणारे होते गिऱ्हाईक, नोकरी गेली वाढणाऱ्यांची. नव्या मुलींना जी खोली, जो पगार आणि मुख्य म्हणजे मालकाचं जे पाठबळ मिळालं, ते त्यांना मिळालं असतं तर? 'चांगल्या घरची मुलगी' याचा अर्थही बराच काळ 'गोरी मुलगी' असाच होता. हिस्पॅनिक आणि मूळ अमेरिकन मुली मोठ्या संख्येने आल्या त्या दुसऱ्या महायुद्धात, मनुष्यबळ कमी पडलं तेव्हा. म्हणजे 'चांगला माणूस' कोण, हे ठरवतानाच निम्मी माणसं दाराबाहेर ठेवली होती.

माझ्या भाच्याने पुण्यात आठ टेबलांचं छोटंसं हॉटेल काढलंय. स्वयंपाकी उत्तम मिळालाय, पण "टेबलावर पोरं टिकत नाहीत रे मामा" ही रोजची तक्रार. त्याला मी ही सगळी गोष्ट फोनवर सांगितली. तो म्हणाला, "मी काय वसतिगृह बांधू?" नको बाबा! पण पोरगं रात्री बाराला सुटल्यावर झोपतं कुठे, जेवतं काय आणि कधी, एवढं तर विचारशील? अनुभव कमी असला तरी माणसांत रमणारा मुलगा किंवा मुलगी घे आणि महिनाभर शांतपणे शिकव. गिऱ्हाईक 'ए पोऱ्या' म्हणून ओरडलं, तर गल्ल्यावरून उठून तू त्याच्या बाजूला उभा राहा. याला खर्च काहीच नाही.

तुमच्यापैकी कोणी हॉटेल चालवलं असेल किंवा कधी टेबलं पुसली असतील, तर तुम्ही कशामुळे टिकलात ते जरूर लिहा. भाचाही वाचतोय.