चावी बंद, इंजिन चालू

कसालला मालवणच्या फाट्यावर आमची जुनी स्कूटर एकदा बंदच होईना. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. मिस्त्री हसला, "वायर तुटली हा, म्हणान बंद पडना नाय." वायर तुटली म्हणून चालू? तेव्हा डोक्यावरून गेलं.

पुढे कळलं, विमानाचंही असंच! १९०३ मध्ये राइट बंधूंनी बॅटरी फक्त इंजिन सुरू करण्यापुरती वापरली आणि ती जमिनीवरच ठेवली. हवेत ठिणगी दिली ती मॅग्नेटोने. इंजिनाबरोबर फिरून तो स्वतःच वीज बनवतो, उसनी घेत नाही. पिस्टन इंजिनाच्या बहुतेक छोट्या विमानांत आजही दोन मॅग्नेटो असतात. चावी बंद करणं म्हणजे त्यांची वीज अर्थ करणं. ती वायर आकाशात तुटली तर इंजिन मजेत चालत राहतं. धोका जमिनीवर. चावी बंद समजून कुणी पंखा हाताने फिरवला, तर इंजिन पेट घेऊन हातच जायचा.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया'त लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. लोकांचं लक्ष पंखांकडे. मला मात्र त्यातल्या वायरी बघायच्या होत्या (वेड म्हणा हवं तर). घरी विमान बांधणाऱ्याने असा प्रत्येक जोड स्वतः तपासायचा. मॅग्नेटोची परीक्षा सोपी आहे: इंजिन मंद असताना क्षणभर चावी बंद करायची आणि कान द्यायचा. आवाज पडला नाही, तर पंख्याजवळ कुणाला जाऊ द्यायचं नाही.